बोरखडीचा फळा

अमरावतीच्या राजापेठेतल्या गजालाआपांच्या टायपिंगच्या दुकानात आकांक्षा त्या दिवशी एका जागी बसतच नव्हती. उठायची, माठातलं पाणी प्यायची, दारात जाऊन ट्युशनला निघालेल्या पोरांच्या गाड्या बघायची, परत खुर्चीत येऊन उगाच माउस हलवायची. बरं, तहान तरी लागावी किती माणसाला! माठ अर्ध्यावर आला तेव्हा गजालाआपांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काहून वं बेटा, मुंग्या चावून राहिल्या का तुले?"

"नाई आपा. पाठ धरली जराशी."

विशीतल्या पोरीची पाठ अशी सकाळच्या चहाआधीच धरत नाही, हे आपांना कळत होतं. पण दुपारी अकोल्याचा माणूस काम न्यायला येणार होता, आणि अशा वेळी कामगाराच्या मनात शिरू नये एवढा व्यवहार त्यांनी दुकान चालवून शिकून घेतला होता. "पाठ मंग धरू दे. आधी कार्तिक महिना संपव," त्या म्हणाल्या आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवरचा गणपती डावीकडून उजवीकडे सरकवायला लागल्या.

कार्तिक महिना. त्याच्यासाठीच तर पोरगी माठ रिकामा करत होती.

काम फोटोंचं होतं. अकोल्याचा तौहीद, लग्नाचे फोटो काढणारा, एक हार्ड डिस्क घेऊन आला होता. सात-आठ वर्षांपूर्वी त्याने पहिल्यांदा मोठा कॅमेरा घेतला, तेव्हा त्याला बियाण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं होतं. बोरखडी गावाच्या पलीकडे त्यांचं कपाशीचं वावर होतं, त्यातल्या ठरलेल्या झाडांचे रोज सकाळी फोटो काढायचे, पेरणीपासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटचा कापूस वेचून होईपर्यंत. त्या काळात वऱ्हाडात कॅमेरे काही कमी नव्हते. दिल्ली-मुंबईची माणसं गाड्या भरभरून यायची, पण त्यांना रडणारी तोंडं हवी असायची. तौहीदला झाडं मिळाली, तो त्यात खूश होता. वावराच्या वाटेवर बोरखडीची चावडी लागायची आणि चावडीसमोर गावाच्या बातम्या लिहायचा फळा. तौहीद तिथे गाडी थांबवून आधी फळ्याचा एक फोटो मारायचा आणि मग पुढे जायचा. बातम्यांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. "काळं बी हाय, पांढरं बी हाय," त्याने आपांना सांगितलं होतं, "कॅमेऱ्याचा उजेड जमवाले याच्याहून भारी चीज नाई." झाडांचे फोटो कंपनी घेऊन गेली. फळ्याचे तसेच डिस्कवर पडून राहिले, कारण ते कुणाच्याच कामाचे नव्हते.

आता ते अचानक कामाचे झाले होते. तो फळा लिहिणारा मोतीराम चक्कीवाला थकला होता, डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. गाव त्याचा सत्कार करणार होतं. सत्कारात शाल-नारळ तर कुणीही देतं, बोरखडीच्या पोरांच्या डोक्यात आलं की मोतीरामकाकांनी जन्मभर लिहिलं आणि पुसलं, त्यातलं काहीतरी छापून त्यांच्या हातात द्यावं. पण पुसलेलं आणायचं कुठून? तेव्हा कुणाला तरी रोज गाडी थांबवणारा तौहीद आठवला. पोरांनी अकोल्यात त्याला हुडकलं, तौहीदने डिस्क हुडकली, आणि डिस्क राजापेठेत आली.

डिस्कवरचे फोटो कच्चे होते. रॉ फाईल म्हणतात त्याला. कॅमेऱ्याने जसं पाहिलं तसं, न उजळता, न निवडता ठेवलेलं. सरकीसकट कापूस म्हणा ना. त्याची आधी रुई करायची, म्हणजे साधा फोटो. मग त्यातले रंग काढून काळं ते काळंकुट्ट आणि पांढरं ते पांढरंफेक करायचं. मग तो इंटरनेटवरच्या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला खाऊ घालायचा आणि तो जे ओकेल ते वर्डमध्ये निस्तरत बसायचं. दुसऱ्या कुणाचं हस्ताक्षर असतं तर प्रोग्रामने हात टेकले असते. पण मोतीराम खडूने लिहायचा ते पेंटरने पाटी रंगवावी तसं, प्रत्येक अक्षर आपापल्या जागी बसलेलं. निम्मं प्रोग्राम वाचायचा, निम्मं आकांक्षा फोटो बघून हाताने टाकायची.

दुकानाच्या दोन पद्धती होत्या. पहिली, काम हाती येताच फोटो निवडायचे. हललेले, काळवंडलेले आणि एकासारखे एक दुबार आलेले वेगळ्या फोल्डरमध्ये ढकलायचे, कारण वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता आणि इन्व्हर्टरच्या जिवावर एकच मजकूर दोनदा वाचून घेणं आपांना परवडत नव्हतं. दुसरी, प्रत्येक मजकुरापुढे समासात त्याच्या फोटोचा नंबर टाकायचा. पूर्वी एका प्राध्यापकांनी 'हे वाक्य माझं नाहीच' म्हणून दुकानात तमाशा केला होता, तेव्हापासून आपा नंबराशिवाय पान बाहेर जाऊ देत नसत.

हे सगळं आकांक्षा झोपेतही करू शकली असती. फक्त एक गोष्ट तिने ना आपांना सांगितली होती, ना तौहीदला. ती बोरखडीची होती.

नुसती बोरखडीची नव्हे. तो फळा रोज सकाळी धुणारी बाई म्हणजे तिची माय, रुख्मिणी. वेचणीला जायच्या आधी, अंधार फिकटला की रुख्मिणी बादली आणि फडकं घेऊन चावडीसमोर जायची, वरपासून खालपर्यंत फळा धुवायची, आणि मोतीराम चक्कीच्या पायरीवर खडू घेऊन फळा वाळायची वाट बघत बसायचा. हे काम तिला कुणी लावून दिलं नव्हतं. एकदा मोतीराम धोतराच्या सोग्याने फळा पुसताना तिला दिसला, ती म्हणाली, "दादा, हे का पुसनं झालं?" आणि बादली घेऊन आली, ती रोजच येत राहिली. लहानगी आकांक्षा कधीकधी बरोबर असायची. ओल्या फळ्याचा वास तिला अजून आठवायचा.

मग एका कार्तिकात, कापूस वेचताना, रुख्मिणीला पान लागलं, साप चावला. अकोल्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत श्वास होता, नंतर राहिला नाही. मामा अकोल्यालाच होता, तिथेच सगळं केलं. बाप, शेषराव, दोन-तीन दिवसांनी घरातलं सामान आणायला बोरखडीला जाऊन आला. भांडी बांधलेलं गाठोडं त्याने मामाच्या ओसरीवर टाकलं, भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला,

"फयावर कापसाचा भाव होता. तुई माय नोती."

बस, एवढंच. शेषराव शाळेत गेलेला नव्हता, पण रुख्मिणीने त्याला तिचं नाव तेवढं वाचायला शिकवलं होतं; फळ्यावर कापसाचा भाव कुठे असतो ते बघून बघून ठाऊक होतं. त्या तीन अक्षरांसाठी तो फळ्यापुढे उभा राहिला होता आणि ती अक्षरं तिथे नव्हती. बोरखडीत कुणाची शेळी हरवली तरी फळ्यावर यायची. आणि जिने जन्मभर तो फळा धुतला तिच्यासाठी मोतीरामला खडूचा एक तुकडा झिजवता आला नाही. शेषरावाने गाव सोडलं ते कायमचं. कुणाला पत्ता दिला नाही. नांदगाव पेठेत एका कापड गिरणीच्या फाटकावर त्याला रात्रीच्या राखणीचं काम मिळालं, पोरगी अमरावतीत शिकली, आणि घरात बोरखडीचं नाव पुन्हा निघालं नाही. मोतीरामचं तर नाहीच नाही.

आणि आता ती डिस्क आकांक्षाच्याच टेबलावर आली होती. तिला फक्त एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. बाप घाईत होता, दुःखात होता, एखादी ओळ त्याच्या नजरेतून सुटली असेल. असेल ना? कुठेतरी खाली, कोपऱ्यात, माय असेल.

पण कार्तिक एकदम कसा उघडणार? क्रमाने जायचं होतं. ज्येष्ठ-आषाढापासून ती एकेक सकाळ वाचत आली होती, आणि वाचता वाचता तिला मोतीरामचा राग यायचा आणि हसूही यायचं. 'किसनराव यांची एक कान तुटलेली शेळी सापडली. शेळीनेच किसनरावांना शोधले.' 'आज भारनियमन दिवसभर. चक्की बंद. दळण आणून उगाच शिव्या देऊ नयेत.' एका भाद्रपदातल्या सकाळी लिहिलेलं होतं, 'दिल्लीचे पत्रकार येत आहेत. ज्यांना रडायचे त्यांनी चावडीवर थांबावे. बाकीच्यांनी निंदणाला जावे.' आणि मध्ये मध्ये, चौकटीत, 'दुःखद निधन.' त्या वर्षी त्या चौकटी बऱ्याच होत्या. मोतीराम कारण कधीच लिहायचा नाही. नाव लिहायचा आणि त्या माणसाची एखादी खूण. 'सुंदराबाई गेल्या. पुरणाला त्यांच्यासारखा हात गावात राहिला नाही.' दुसऱ्यांच्या मायांसाठी इतकं सुचत होतं तर, असं म्हणून आकांक्षाने कीबोर्ड आपटला होता.

आणि आता ती सकाळ आली.

तारीख तिला पाठ होती. फोटो उघडला. फळ्यावर मोतीरामच्या हाताने तीच तारीख, खाली कापसाचा भाव, खाली 'सुभद्राच्या मुलीला मुलगा झाला, दोघे बरे', आणि सर्वांत खाली सुविचार. त्या दिवशी बहुतेक मोतीरामला काही सुचलं नसावं. सुविचार होता, 'सकाळी लवकर उठावे.'

ठीक आहे. ही सकाळची गोष्ट, माय तर दुपारी गेली. आकांक्षाने पुढचा फोटो उघडला.

पुढच्या फोटोतली तारीख एकदम दीड आठवडा पुढची होती; मधे तौहीदभाई आले नसावेत, असं तिला वाटलं. वर कापसाचा नवा भाव. खाली, 'चक्की आजपासून नेहमीप्रमाणे सुरू.' सुविचार नव्हता. माय नव्हती. ती पुढचा, त्याच्या पुढचा, अमावास्येपर्यंतचे सगळे फोटो बघून आली. पंप जळाला होता, कुणाचा साखरपुडा होता, ग्रामसेवक रजेवर होता. चक्की सुरू झाल्याची बातमी होती, हे तिच्या काळजात काट्यासारखं रुतलं. दगडाचं जातं फिरायला लागलं ते गावाला कळवावंसं वाटलं याला!

ती उठली. पाणी प्यायली. दारात गेली. परत आली. बसली. आपांकडे पाहिलं, त्या फोनवर कुणाशी तरी कागदाच्या जाडीवरून भांडत होत्या.

समोर वर्डची फाईल उघडी होती आणि कर्सर लुकलुकत होता. दोन तारखांच्या मधे, अगदी मोकळ्या जागेत. फोटोला कुणाच्या बापाला हात लावता येत नाही, पण ही फाईल मात्र तिच्या हातातली होती. एका ओळीचं काम. तिची बोटं चालायला लागली तेव्हा तिने त्यांना थांबवलं नाही. मोतीरामची धाटणी आता तिला त्याच्याइतकीच येत होती.

'दुःखद निधन. रुख्मिणी शेषराव गेल्या. फळ्याला त्यांच्यासारखा हात राहिला नाही.'

तिने ओळीभोवती चौकट घातली. छान दिसली. इतकी खरी दिसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. कोण बघायला जातंय? मोतीरामला दिसत नाही, गावाला आठवत नाही. पुस्तक छापलं की छापलेलंच खरं.

तिने कार्तिकाची पानं छापून आपांच्या टेबलावर ठेवली. आपांनी फोन ठेवला, पेन्सिल घेतली आणि समासातल्या नंबरांवरून टिकमार्क करत निघाल्या. पेन्सिल भराभर चालली आणि मग थांबली.

"हे कोन होय? रुख्मिणी शेषराव. नंबर नाई टाकला याचा."

"टाकाचा राहिला आपा."

"राहिला कसा? तुयाकडून कधी राहते का?" आपांनी पान तिच्यापुढे धरलं. त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आकांक्षाच्या बापाचं नाव शेषराव आहे, हे त्यांना माहीत होतं.  "फोटो काढून नंबर टाक. मंग मी टिक मारीन."

आता आली पंचाईत. नंबर हवा तर फोटो हवा, आणि फोटो तर नव्हता. आकांक्षा खुर्चीत येऊन बसली, तिचे कान तापले होते. मग तिला दुबारचं फोल्डर आठवलं. पहिल्याच दिवशी निवडताना, बारीक बारीक चित्रांच्या रांगेत, तिने एका मजकुराचे एकसारखे फोटो एका झटक्यात तिकडे ढकलले होते. तौहीदभाईंनी बटण दाबून धरलं असावं, असं तेव्हा वाटलं होतं. त्या फोल्डरमधला कुठलाही एक नंबर उचलून चिकटवून द्यायचा. आपा काही प्रत्येक फोटो उघडून बघत नाहीत.

तिने फोल्डर उघडलं. एक फाईल दाबली. फोटो मोठा झाला, 'सकाळी लवकर उठावे.' नंबर बाजूच्या पट्टीत होता. ती तो लिहून घेणार, तोच नंबराखालची तारीख तिला दिसली. कॅमेरा फोटो काढताना आपली आपण टाकतो ती तारीख. या तारखेकडे आजवर तिने ढुंकून पाहिलं नव्हतं. फळ्यावर मोतीराम रोज तारीख लिहायचा, मग कॅमेऱ्याची कशाला बघायची?

फळ्यावर माय गेली त्या दिवसाची तारीख होती. पट्टीत दुसऱ्या दिवसाची.

तिने पुढची फाईल उघडली. फळ्यावर तेच. पट्टीत तिसरा दिवस. त्याच्या पुढची, चौथा.  ही दुबार नव्हती. तौहीदने रोज गाडी थांबवली होती, रोज फोटो घेतला होता, आणि फळ्यावर रोज तेच होतं.

तिने रंग काढलेला फोटो बंद केला आणि मूळ कच्ची फाईल उघडली, अंधार थोडा उचलला. तेव्हा दिसलं. पहिल्या सकाळच्या फोटोत फळ्याची खालची कड ओली होती, पाणी ओघळून मातीत गेलेलं. मायच्या हातचं शेवटचं धुणं. दुसऱ्या दिवशी कड कोरडी. मग फळ्यावर धूळ. मग अक्षरांच्या कडा विरलेल्या, 'सुभद्रा'वरून कबुतराची घाण ओघळलेली, 'लवकर'मधलं एक अक्षर वाऱ्याने जवळजवळ नेलेलं. प्रोग्रामला वाचता यावं म्हणून तिनेच सगळ्यांचं काळं काळं आणि पांढरं पांढरं केलं होतं, आणि सगळे दिवस एकसारखे करून टाकले होते.

तिने दुकानाच्या फोनवरून तौहीदला लावला. मागून एसटीचा खडखडाट ऐकू येत होता.

"आलोच, बडनेरा सोडलं," तो म्हणाला.

"तौहीदभाई, कार्तिकात फयावर एकच मजकूर रोज होता. काहून?"

"एकच?" त्याने आठवून पाहिलं. मग म्हणाला, "हाव रे, याद आलं. मी इचारलं बी होतं त्या चक्कीवाल्या काकाले. काका, रोजचं ताजं काहून नाई लिवत? चक्की बंद, दाढी वाढलेली. म्हने, सुतक हाय, दहावं होईपर्यंत ना पुसनार, ना लिवनार. मले वाटलं घरचं कोनी गेलं असन. जास्त नाई इचारलं."

आकांक्षाने फोन ठेवला. दहाव्यापर्यंत फळा बंद, चक्की बंद. म्हणून 'चक्की आजपासून सुरू'. दुसऱ्यांच्या मायांची नावं मोतीरामने लिहिली होती, कारण त्या दुसऱ्यांच्या होत्या. घरातलं माणूस गेल्यावर बातमी कोण लिहितं? आणि लिहायला आधी पुसावं लागलं असतं. मायने जिथे हात फिरवला होता तिथे त्याने दुसरा हात फिरू दिला नव्हता, स्वतःचासुद्धा नाही. आकांक्षाला एकाच वेळी इतकं भरून आलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली की तिने तोंडावर ओढणी धरली.

मग तिने राहिलेल्या फाईल उघडल्या. त्यातल्या एकीत फळ्याच्या पुढे कुणीतरी आडवं आलं होतं. पहिल्या दिवशी तिने तो फोटो 'माणूस मधे' म्हणून न उघडताच ढकलला होता. आता उघडला. पाठमोरा माणूस. खांद्यावर दुपट्टा, काखेत गाठोडं, आणि ते गाठोडं ज्या हिरव्या लुगड्यात बांधलेलं होतं ते लुगडं आकांक्षाने मायच्या अंगावर पाहिलं होतं.

"जेवाले बसतं का नाई?" दारातून आवाज आला.

शेषराव रोज रात्रीची राखण करून, दोन तास झोपून, तिचा डबा घेऊन राजापेठेला यायचा. आजही तो डबा घेऊन उभा होता. पोरीचा चेहरा बघून त्याने डबा स्टुलावर ठेवला.

"काय झालं?"

"बाबा, इकडे या. बसा."

तो कॉम्प्युटरसमोर कधी बसायचा नाही, काहीतरी बिघडेल अशी त्याला भीती वाटायची. पण बसला. पडद्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याची मान पुढे आली.

"हे तं बोरखडी होय."

"हाव."

"हा मी होय."

"हाव बाबा. तुमी सामान आनाले गेलते त्या दिवशीचा."

 आकांक्षाने त्याला फळ्यावरची तारीख वाचून दाखवली आणि पट्टीतली तारीख वाचून दाखवली. मग एकेक करून बाकीचे फोटो दाखवले आणि तौहीदने फोनवर सांगितलेलं सांगितलं. आपाही मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेषरावाने सगळं ऐकून घेतलं.

"मले नावच पाहाचं होतं," तो म्हणाला. "नाव नाई दिसलं. तारीख मले वाचता येत नोती, पोरी."

"तुमची काय चूक बाबा."

"तो भाव बी जुनाच होता म्हन." त्याने डोळे पुसले आणि परत पडद्याकडे वाकला. आकांक्षाने पाठमोऱ्या माणसाचा फोटो पुन्हा लावला होता. शेषरावाचं बोट स्वतःवरून सरकत सरकत फोटोच्या कडेला गेलं. तिथे बंद चक्कीच्या पायरीवर एक माणूस होता, दाढी वाढलेला, अर्धवट उठलेला. एक हात त्याने पुढे केला होता.

"हा मोतीराम," शेषराव म्हणाला. "हात कोनाले करून राहिला?"

"तुमाले, बाबा."

शेषराव त्या हाताकडे बघत राहिला. फोटोतला तो पाठमोरा माणूस काही वळणार नव्हता. आपांनी हळूच शेषरावापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं, रस्त्यावरच्यांना दिसू नये म्हणून.

मग आकांक्षाने वर्डची फाईल समोर घेतली. चौकटीतली ती ओळ तिने निवडली आणि काढून टाकली. आता त्याचं तिला वाईट वाटलं नाही. त्या जागी तिने एका फोटोचा मजकूर टाकला, कॅमेऱ्याची तारीख आणि नंबर घालून. खाली दुसऱ्याचा. खाली तिसऱ्याचा. कापसाचा भाव, सुभद्राच्या मुलीला मुलगा, सकाळी लवकर उठावे. पुन्हा कापसाचा भाव, पुन्हा सुभद्राच्या मुलीला मुलगा.

"एकच पान इतक्यांदा?" आपा म्हणाल्या. "छापखान्यावाला म्हनन, गजालाच्या दुकानात अफू खाऊन काम करतात."

आकांक्षा थांबली. आपांनी पेन्सिल घेतली, छापलेल्या पानावरच्या त्या नंबर नसलेल्या चौकटीवर आडवी रेघ मारली आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"म्हनू दे. तू तारखा बरोबर टाक, बाकी मी पाहीन. आन तो पाठमोरा फोटो बी टाक. पूर्ण पानावर."

तौहीद आला तेव्हा काम होत आलं होतं. त्याने छापलेली पानं चाळली, एकसारख्या पानांशी अडखळला, आकांक्षाकडे पाहिलं, मग शेषरावाकडे, मग परत त्या फोटोकडे. फोटोतला दुपट्टा आणि समोरचा दुपट्टा त्याने ताडून पाहिला असावा. "सत्कार परवा हाय," तो एवढंच म्हणाला. "तुमी येसान का काका?"

 शेषराव अजून पडद्यासमोरच होता. फळ्यावरच्या सर्वांत खालच्या ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, तो पुटपुटत होता. पोरीने गेल्या आठ वर्षांत त्याला बसच्या पाट्या वाचायला शिकवलं होतं, तेवढ्या भांडवलावर त्याचं चाललं होतं. 'स... का... ळी.' आकांक्षाने मदत केली नाही. त्याने ती ओळ शेवटपर्यंत नेली आणि मग दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"परवा काहून?" तो म्हणाला. "उद्याच जाऊ. तो वाट पाहून राहिला असन."

"उद्या फया धुवाचा हाय का बाबा?" आकांक्षाने विचारलं.

"हाव," शेषराव उठत म्हणाला. "त्यानं लिवूनच ठेवलं हाय. सकाळी लवकर उठाले लागीन."